एजवर्थस्टाउनचे एजवर्थ घराणे

आयर्लंडच्या मध्यभागी लाँगफर्ड नावाचा एक सपाट, पाणथळ परगणा आहे. त्यातील एका लहानशा गावाला दोन नावे आहेत. मॉस्ट्रिम हे त्याचे जुने, आयरिश भाषेतून आलेले नाव. दुसरे एजवर्थस्टाउन, म्हणजे एजवर्थांचे गाव. पहिले नाव तेथील भूमिपुत्रांनी ठेवलेले, दुसरे राजाच्या सनदेने तेथे आलेल्या धन्यांचे. या दोन नावांमध्ये जे अंतर आहे, तेच आयर्लंडच्या जमीनदार घराण्यांच्या इतिहासाचे मर्म होय.

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत इंग्रजी राजसत्तेने आयरिश सरदारांच्या जमिनी जप्त केल्या आणि त्या इंग्लंडातून आलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांना वाटून दिल्या. बहुसंख्य प्रजा कॅथलिक राहिली. राजमान्य धर्मपीठ मात्र अल्पसंख्य प्रॉटेस्टंटांचे झाले, आणि त्याच्या निर्वाहासाठी दशमांश कर भरायचा तो कॅथलिक शेतकऱ्याने. जमीनदार आणि धर्मोपदेशक हे पुष्कळदा एकाच घरातले असत. थोरल्या मुलाने वतन सांभाळावे आणि धाकट्याने चर्चची वृत्ती पत्करावी, अशी रीतच पडून गेली होती.

एजवर्थ घराण्याचा आरंभ याच जोडीने झाला. १५८३ च्या सुमारास एडवर्ड आणि फ्रान्सिस हे दोघे भाऊ इंग्लंडातून आयर्लंडात आले. एडवर्ड १५९३ मध्ये डाउन आणि कॉनर या धर्मप्रांताचा बिशप झाला आणि दोनच वर्षांनी वारला. त्याची संपत्ती भावाकडे आली. सरकारी चाकरीत असलेल्या फ्रान्सिसला १६१९ मध्ये राजा पहिला जेम्स याच्याकडून लाँगफर्डमध्ये सुमारे ६०० एकर जमीन मिळाली. ती ज्यांच्याकडून घेतली ते ओ'फॅरल कुळाचे लोक तेथेच, पण आता कुळे आणि चाकर म्हणून राहिले. फ्रान्सिसची पत्नी जेन ट्यूट ही मात्र जुन्या कॅथलिक घराण्यातील होती. तिची ही निष्ठा एके दिवशी वंशाच्या उपयोगी पडावयाची होती.

१६४१ मध्ये आयरिश प्रजेने मोठा उठाव केला. घराण्याच्या वृत्तांतात त्या वेळची एक कथा जपलेली आहे. घरचा पुरुष बाहेरगावी असताना बंडखोरांनी क्रॅनला येथील गढीवर हल्ला केला. एकाने पाळण्यातल्या वारसाला उचलून भिंतीवर आपटण्याचा बेत केला. तेव्हा एडमंड मॅक्ब्रायन फेरल नावाचा आयरिश चाकर पुढे झाला. पाखंड्याच्या पोराला इतके सुखाचे मरण नको, याला दलदलीत फेकतो, असे सांगून त्याने मूल आपल्या ताब्यात घेतले, लपवून ठेवले आणि पुढे टोपलीत घालून, वर अंडी व कोंबडीची पिले ठेवून, डब्लिनला सुखरूप पोचविले. गढीला लावलेली आगही बंडखोरांच्या नायकाने विझविण्यास सांगितले, कारण भिंतीवर जेन ट्यूटचे चित्र होते आणि ती सच्ची कॅथलिक होती. राजाची सनद पेटीतच राहिली. वंश तगला तो एका चाकराच्या हिकमतीने आणि एका परधर्मीय पूर्वजेच्या पुण्याईने.

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून कॅथलिकांविरुद्ध कठोर कायदे झाले. १७०४ च्या कायद्याने कॅथलिकाला जमीन विकत घेता येईना आणि ३१ वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टाही मिळेना. त्याच्या मृत्यूनंतर जमिनीचे सर्व मुलांत तुकडे पडत. मात्र थोरला मुलगा प्रॉटेस्टंट झाल्यास सारे वतन त्यास मिळे. अशा काळात लोक धर्म बदलीत ते सहसा एकाच दिशेने. एजवर्थ घराण्यातील रॉबर्ट हा एजवर्थस्टाउनच्या प्रॉटेस्टंट चर्चचा उपाध्याय. तो नेमका उलट दिशेने गेला. अठराव्या शतकाच्या मध्यास त्याने कॅथलिक धर्म स्वीकारला, वृत्ती सोडली आणि बायकामुलांसह फ्रान्समधील तुलूझ गाठले.

१७४५ मध्ये जन्मलेला त्याचा मुलगा हेन्री एसेक्स तेथे जेझुइटांच्या विद्यालयात शिकून कॅथलिक धर्मगुरू झाला. फ्रेंच जिभेला एजवर्थ हा उच्चार जड जाई, म्हणून त्याने घराण्याच्या फरमाउंट या जागेवरून द फिर्मों असे नाव घेतले. फ्रेंच राज्यक्रांतीत सोळाव्या लुईला देहान्ताची शिक्षा झाली, तेव्हा अखेरच्या क्षणी आपल्याजवळ असावा म्हणून राजाने याच धर्मगुरूला बोलाविले. २१ जानेवारी १७९३ रोजी तो राजाबरोबर वधस्तंभापर्यंत गेला. पुढे निर्वासित फ्रेंच राजघराण्यासोबत तो मिताव येथे राहिला. १८०७ मध्ये तेथे नेपोलियनच्या सैन्यातील आजारी युद्धकैद्यांची शुश्रूषा करताना त्याला ज्वराची लागण झाली आणि २२ मे रोजी त्याचा अंत झाला. राजाला अखेरचा धीर देणारा हा माणूस राजाच्या शत्रूंच्या शिपायांची सेवा करीत मेला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इकडे मूळ वतनावर १७४४ मध्ये जन्मलेला रिचर्ड लव्हेल एजवर्थ होता. हा मोठा विलक्षण पुरुष. यंत्रे, गाड्या, रस्ते, दूरसंदेशाची साधने यांचा त्याला नाद होता. बर्मिंगहॅमच्या ल्यूनर सोसायटीत इरॅस्मस डार्विन यांसारख्यांशी त्याचा स्नेह होता. त्याने चार विवाह केले आणि त्याला एकूण २२ अपत्ये झाली. चौथी पत्नी फ्रान्सेस ही आयर्लंडचा नकाशा काढणाऱ्या रेव्हरंड डॅनियल ऑगस्टस ब्यूफर्ट या धर्मोपदेशकाची कन्या. वाऱ्याच्या वेगाची मोजणी ज्याच्या नावाने ओळखली जाते, तो फ्रान्सिस ब्यूफर्ट तिचा भाऊ.

१७८२ मध्ये रिचर्ड कायमचा आयर्लंडात परतला. त्या काळी पुष्कळ जमीनदार लंडनला राहत. जमीन मक्तेदाराकडे, त्याच्याकडून पोटमक्तेदाराकडे आणि शेवटी कुळाकडे जाई. प्रत्येक हात आपला नफा काढी आणि सारा भार तळच्या माणसावर पडे. रिचर्डने मक्तेदार दूर केले आणि खंड स्वतः घेण्यास सुरुवात केली. वेठबिगार आणि सणासुदीला कोंबड्या देण्याची सक्ती त्याने पट्ट्यांतून काढून टाकली. हिशेबाच्या वह्या ठेवी त्याची वयाने पंधराच्या आसपास असलेली मुलगी मारिया. कुळांच्या तक्रारी, त्यांची भाषा आणि त्यांची चतुराई तिने त्या खोलीत बसून ऐकली.

१७९८ च्या बंडाने या कारभाराची परीक्षा घेतली. ऑगस्टमध्ये फ्रेंच सैन्य पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि बंडाची लाट लाँगफर्डपर्यंत आली. एजवर्थ कुटुंब घर टाकून लाँगफर्ड शहरात गेले. मागे राहिली ती घराची कारभारीण. बंडखोर दारात आले तेव्हा त्यांच्यातील एकाने घराला हात लावू दिला नाही. आदल्या वर्षी त्याची बायको अडचणीत असता या कारभारणीने तिला जमिनीच्या खंडासाठी १६ शिलिंग उसने दिले होते. कुटुंब परतले तेव्हा सारे जेथल्या तेथे होते. खरे संकट आले ते लाँगफर्ड शहरात, आणि तेही स्वपक्षाकडून. रिचर्डने आपल्या पथकात कॅथलिकांना घेतले होते, हा प्रॉटेस्टंट जमावाच्या लेखी अपराध होता. त्यातच त्याने दोन मेणबत्त्यांच्या उजेडात वर्तमानपत्र वाचले; तो फ्रेंचांना खुणा करतो, अशी हूल उठली आणि जमाव त्याच्या जिवावर उठला. सैन्यातील अधिकाऱ्यांमुळे तो बचावला. दोन समाजांच्या मध्ये उभे राहू पाहणाऱ्याला आपले असे कोणीच उरत नाही, याचा हा धडा होता. १८०० मध्ये आयरिश पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये विलीन करण्याचा प्रश्न आला, तेव्हा तत्त्वतः विलीनीकरण त्याला मान्य होते. पण मते लाच देऊन विकत घेतली जात आहेत, हे पाहून त्याने विरोधी मत दिले.

त्याच वर्षी मारियाची 'कॅसल रॅकरेंट' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. उधळ्या, दारुड्या, कोर्टबाज आणि नादान अशा जमीनदारांच्या लागोपाठच्या पिढ्यांची कथा त्यांचा म्हातारा चाकर थॅडी क्वर्क सांगतो. तो धन्यांची स्तुती करीत जातो आणि वाचकाला त्यांचा नाश दिसत जातो. शेवटी वतन जाते ते थॅडीच्या वकील झालेल्या मुलाच्या हाती. आपल्याच वर्गाच्या अधःपाताची अशी उलटतपासणी त्या वर्गातील एका स्त्रीने करावी, हे धैर्याचे काम होते. तिच्या आयरिश व्यक्तिचित्रांचे ऋण वॉल्टर स्कॉटने 'वेव्हर्ली'मध्ये मान्य केले आहे.

बाप १८१७ मध्ये वारला. भावाच्या हातून वतन कर्जात बुडू लागले, तेव्हा १८२६ मध्ये मारियाने कारभार हाती घेऊन ते सावरले. पण काळ पालटला होता. १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटची दारे खुली झाली आणि कुळे जमीनदाराऐवजी आपल्या धर्मगुरूच्या सल्ल्याने मते देऊ लागली. मारियाला याचा खेद वाटे. ममतेने वागविलेली कुळे आपल्या मागे येतील, ही तिची अपेक्षा होती. त्यांना हवा होता तो हक्क, आणि ममता ही हक्काची जागा घेऊ शकत नाही.

तरीही कसोटीच्या वेळी तिने पाठ फिरविली नाही. १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजले आणि आयर्लंडात महादुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे भूक आणि रोगराई यांना बळी पडली. तितकीच देश सोडून गेली. ऐंशीच्या घरातील मारियाने मदतीसाठी पत्रांवर पत्रे लिहिली, दुष्काळनिधीसाठी 'ऑर्लंडिनो' ही मुलांची गोष्ट लिहून दिली. अमेरिकेत बॉस्टनच्या मुलांनी तिच्या गरिबांसाठी पीठ आणि तांदूळ पाठविला. त्याची पिंपे वाहणाऱ्या हमालांनी मजुरी नाकारली, हे कळताच तिने त्यांच्यासाठी लोकरीचे गळपट्टे विणले, असे सांगतात. २२ मे १८४९ रोजी ती वारली. बेचाळीस वर्षांपूर्वी तिच्या कॅथलिक आप्ताचा अंत झाला तोही याच तारखेला.

पुढची पिढी पांगली. तिचा सावत्र भाऊ मायकेल पॅकनहॅम १८३१ मध्ये भारतात मुलकी सेवेत आला आणि पुढे पंजाबच्या कारभारात त्याने वाटा उचलला. तो वनस्पतिशास्त्रज्ञही होता. हिमालयात ज्या झुडपाच्या सालीपासून चिवट कागद करतात, त्याच्या प्रजातीचे 'एजवर्थिया' हे नाव याच घराण्यावरून पडले आहे. पुतण्या फ्रान्सिस इसिड्रो हा ऑक्सफर्डचा नामांकित अर्थशास्त्रज्ञ. १९११ मध्ये वतन त्याच्याकडे आले. १९२६ मध्ये तो अविवाहित वारला आणि वतनदार शाखा पुरुषवंशाने संपली.

तोवर जुना आयर्लंडही संपला होता. १९१९ ते १९२३ या काळात जमीनदारांचे दोनशेहून अधिक वाडे जाळले गेले. जून १९२२ मध्ये डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याला आग लागून शतकांची मृत्युपत्रे आणि चर्चच्या नोंदवह्या भस्म झाल्या. ज्या कागदांवर घराण्यांचे हक्क उभे होते, त्यांचाच धूर झाला. एजवर्थांचे घर मात्र उभे राहिले आणि पुढे वृद्धांच्या शुश्रूषेसाठी उपयोगात आले. १९२७ मध्ये त्यांची कौटुंबिक बखर छापली गेली, म्हणून आज हा वृत्तांत सांगता येतो.

या घराण्याचा मूळ हक्क जप्तीतून आलेला होता आणि कोणत्याही पिढीच्या सौजन्याने तो डाग पुसला गेला नाही. पण तीन शतके त्याचे रक्षण सनदेने केले नाही. चाकराची टोपली, जेनचे चित्र आणि कारभारणीचे १६ शिलिंग यांनी केले. घराण्यांचा इतिहास लिहिताना वंशावळीत सहसा ज्यांची नावे येत नाहीत, त्यांच्या ऋणावरच वंशावळ उभी असते, हे एजवर्थस्टाउन सांगते.