आठ सेकंदांचा वाद्यवृंद

प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीताचा इतिहास लिहिणारे बहुधा त्याच्या महत्त्वाकांक्षेपासून आरंभ करतात. बीटल्सच्या उत्तरकाळात इंग्लंडमधील तरुण वादकांना तीन मिनिटांचे गीत अपुरे वाटू लागले, त्यांची दृष्टी युरोपच्या अभिजात संगीताकडे वळली आणि ध्वनिमुद्रिकेची अख्खी बाजू व्यापणाऱ्या रचना जन्मास आल्या, असा तो वृत्तांत असतो. तो खरा आहे. परंतु पुरता नाही. या संगीताचा मी जुना श्रोता आहे, आणि इतक्या वर्षांच्या श्रवणानंतर माझे मत असे झाले आहे, की त्याच्या भव्यतेचा माग काढीत गेल्यास आपण अखेर बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात तयार झालेल्या लाकडी पेटीपाशी येऊन थांबतो, आणि त्या पेटीच्या अंगी जे वैगुण्य होते तेच या संगीताचे शील ठरलेले आपणांस आढळते. त्या पेटीचे नाव मेलोट्रॉन.

तिचा मूळपुरुष अमेरिकन होता. हॅरी चेंबरलिन या कॅलिफोर्नियातील गृहस्थांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस, स्वतःचे ऑर्गनवादन फितीवर मुद्रित करीत असता, अशी कल्पना केली की मुद्रित केलेला स्वर जर हवा तेव्हा ऐकता येतो, तर प्रत्येक पट्टीखाली एकेका स्वराची फीत ठेवून खऱ्या वादकांचा सबंध ताफाच एका माणसाच्या बोटांच्या हुकमतीखाली का आणू नये? त्यांनी व्हायोलिन, बासरी, ट्रम्पेट आदी वाद्यांचे सुटे सुटे स्वर कसलेल्या वादकांकडून वाजवून घेतले आणि घरगुती मनोरंजनासाठी आपल्या नावाचे वाद्य बाजारात आणले. त्यांचा विक्रेता बिल फ्रान्सेन १९६२ साली अशी दोन वाद्ये घेऊन इंग्लंडात उतरला आणि एकसारख्या गुणवत्तेची सत्तर ध्वनिशीर्षे कोण करून देईल याचा शोध घेऊ लागला. हा शोध त्याला बर्मिंगहॅमच्या ब्रॅडमॅटिक या कारखान्यात, फ्रँक, नॉर्मन आणि लेस्ली या ब्रॅडली बंधूंपाशी घेऊन आला. नमुना पाहून आपण याहून चांगले वाद्य घडवू शकू अशी बंधूंची खात्री झाली. मात्र या कल्पनेचा धनी दुसराच कोणी आहे ही गोष्ट फ्रान्सेनने त्यांच्या कानी घातली नव्हती. वाद्यवृंदाचे संचालक एरिक रॉबिन्सन आणि जादूगार डेव्हिड निक्सन यांनी भांडवल पुरवले, लंडनमध्ये नव्या फितींसाठी स्वरांचे मुद्रण झाले आणि १९६३ साली पहिला मेलोट्रॉन तयार झाला. पुढे खुद्द चेंबरलिन यांना खबर लागली, तंटा उभा राहिला आणि मोबदल्याचा करार होऊन तो मिटला. दोन खंडांतील दोन घराण्यांचा वारसा या पेटीकडे असा आला.

हिची अंतर्रचना समजून घेतल्यावाचून पुढील इतिहासाचा अर्थ लागत नाही. १९६४ सालच्या ‘मार्क टू’ या मेलोट्रॉनवर पस्तीस पस्तीस पट्ट्यांचे दोन संच शेजारी शेजारी असत आणि प्रत्येक पट्टीखाली पाऊण इंचाच्या निम्म्या रुंदीची स्वतंत्र फीत असे. पट्टी दाबली की एक चाक फितीला अखंड फिरणाऱ्या दांड्यावर टेकवी आणि एक गादी तिला ध्वनिशीर्षाशी लावून धरी. दांडा फीत ओढू लागे आणि फार दिवसांपूर्वी लंडनच्या एका खोलीत कोणी वाजवलेला तो स्वर जिवंत होई. बोट उचलले की स्प्रिंग फितीला मागे खेचून मूळ जागी आणी. या फिती वर्तुळाकार जोडलेल्या नव्हत्या. त्यांना आरंभ होता आणि अंतही होता, आणि या दोहोंमधले अंतर अवघे आठ सेकंदांचे. त्यामुळे गज तारेवर टेकतानाची खरखर आणि बासरीत शिरणारी पहिली फुंकर यांसह स्वराचा जन्म यथातथ्य ऐकू येई. परंतु आठ सेकंद उलटताच बोट दाबलेले असले तरी स्वर मुका होई. शिवाय साऱ्या फिती एकाच दांड्यावर धावत असल्याने पुष्कळ पट्ट्या एकदम दाबल्या तर त्याच्यावर ताण येऊन सूर किंचित खाली बसे, आणि हवामान बदलले तरी वाद्य कुरकुरू लागे.

कारखानदारांच्या मनातले गिऱ्हाईक क्लबांतले आणि दिवाणखान्यांतले होते. डाव्या संचावर तयार ताल आणि साथीचे तुकडे भरलेले असत, जेणेकरून नवशिक्यालाही आपण वाद्यवृंद चालवीत आहोत असे समाधान लाभावे. राजकन्या मार्गारेट आणि नट पीटर सेलर्स यांनी मेलोट्रॉन घेतला यात म्हणूनच नवल नाही. रॉकच्या दरबारात त्याची खरी दाद लावली ती माइक पिंडर यांनी. बर्मिंगहॅमचेच रहिवासी असलेले पिंडर सुमारे दीड वर्ष याच कारखान्यात वाद्ये तपासण्याच्या कामावर होते. मूडी ब्लूज हा संच स्थापन झाल्यावर त्यांनी डनलॉप कारखान्याच्या क्लबातला एक वापरलेला मेलोट्रॉन विकत घेतला, त्यातल्या आगगाडीच्या शिट्या आणि कोंबड्यांची आरवणी काढून टाकली आणि त्या जागी व्हायोलिनांच्या फिती दुपटीने भरल्या. बीटल्सनाही त्यांनीच या वाद्याची वाट दाखवली असे ते सांगत. फेब्रुवारी १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’च्या आरंभी जी बासरी ऐकू येते ती पॉल मॅकार्टनी यांनी या पेटीवर वाजवलेली आहे. त्याच वर्षी मूडी ब्लूजची ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ ही ध्वनिमुद्रिका आली. तीत लंडन फेस्टिव्हल ऑर्केस्ट्रा आणि पिंडर यांची पेटी एकत्र नांदतात. आज ती ऐकताना खऱ्या वाद्यवृंदाचे भाग मला त्या काळच्या चित्रपटसंगीतासारखे गुळचट आणि जुनाट वाटतात. उलट ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’मध्ये गायकाच्या पाठीमागून उसळणारी मेलोट्रॉनची लाट अद्यापि ताजी आहे.

याची मीमांसा किंग क्रिम्सन या संचाने करून दाखवली. त्यांची ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ ही पहिली ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९६९ मध्ये आली, आणि माझ्या मते प्रोग्रेसिव्ह रॉकची जन्मपत्रिका तीच होय. इयान मॅकडोनाल्ड यांनी तीत पेटीकडून खऱ्या व्हायोलिनची नक्कल करवून घेण्याचा हट्ट धरला नाही. ‘एपिटाफ’ या गीतात त्यांनी तिला तिच्या गतीने चालू दिले: एक विस्तीर्ण स्वरमेळ, त्याचा श्वास संपण्यापूर्वी दुसरा, मग तिसरा. ज्या वाद्यावर जलद ताना घेता येत नाहीत आणि एक स्वर आठ सेकंदांपलीकडे धरता येत नाही, त्यावर संथ, गंभीर, पावलापावलाने पुढे सरकणारे संगीतच शोभते. लोक ज्याला या संगीताचा राजेशाही थाट म्हणतात तो या यंत्रधर्मातून निपजला आहे. आपल्याकडे गवयाच्या दमसासावरून त्याच्या आलापीचा घाट ठरतो. या पेटीलाही दमसास होता, आणि तो ओळखणाऱ्यांनाच ती वश झाली.

जेनेसिस या संचाचे टोनी बँक्स हे अशांपैकी होत. त्यांनी आपला मार्क टू किंग क्रिम्सनकडूनच विकत घेतला, म्हणजे ही विद्या वाद्यासकट हस्तांतरित झाली. १९७२ सालच्या ‘फॉक्सट्रॉट’मधील ‘वॉचर ऑफ द स्काइज’चा आरंभ ज्या प्रचंड स्वरमेळांनी होतो, ते त्यांनी याच पेटीची पारख करून, तिच्यावर कोणते मेळ बेसूर न होता खुलतात हे पाहून निवडले होते. वैगुण्याशी तह करून त्यातून सौंदर्य मिळवण्याचे याहून चोख उदाहरण मला ठाऊक नाही. यस या संचाविषयी माझे मत संमिश्र आहे. रिक वेकमन यांच्या बोटांत विलक्षण चापल्य होते, आणि त्याच वर्षीच्या ‘अँड यू अँड आय’मध्ये स्टीव्ह हाऊ यांच्या स्टील गिटारखाली त्यांनी मेलोट्रॉनचा जो पट पसरला आहे तो या संगीतातील अत्युच्च क्षणांपैकी एक आहे; परंतु पुढच्याच वर्षी ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’च्या चार बाजूंवर चार रचना मांडताना संचाला कोठे थांबावे हे उमगले नाही.

या कुळकथेचा कळस मी १९७४च्या ‘स्टारलेस’ला मानतो. ‘रेड’ या ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी येणारी किंग क्रिम्सनची ही बारा मिनिटांहून अधिक लांबीची रचना मेलोट्रॉनच्या करुण स्वरमेळांनी उघडते. त्यांवर रॉबर्ट फ्रिप यांची गिटार, मग जॉन वेटन यांचा आवाज. मध्यभागी गिटार एकेका स्वराला चिकटून राहते, ताण असह्य होईपर्यंत वाढतो, आणि अखेरीस आरंभीचीच धून पूर्ण सामर्थ्याने परतते. पाच वर्षांपूर्वी या संचात मेलोट्रॉन रुजवणारे मॅकडोनाल्ड येथे पाहुणे म्हणून सॅक्सोफोन वाजवतात. ध्वनिमुद्रिका बाजारात येण्यापूर्वीच फ्रिप यांनी संच मोडला होता.

उतार लवकरच लागला. एकावेळी अनेक स्वर अमर्याद काळ धरून ठेवणारी हलकी इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली आणि फितींच्या पेटीची कटकट वादकांना नकोशी झाली. १९७७ साली विक्रीचा व्यवहार पाहणारी कंपनी बुडाली आणि तिच्याबरोबर नावाचा हक्कही गेला. ब्रॅडली कुटुंबाने काही काळ नोव्हाट्रॉन या नावाने काम रेटले. १९८६ साली कारखान्याला टाळे लागले. नव्या वाद्यांना श्वासाचे बंधन नव्हते. माझ्या कानांना त्या काळच्या पुष्कळ रचना पसरट वाटतात त्याचे कारण मी येथे पाहतो: ज्या सुराला संपण्याचे भय नाही, त्याला पुढच्या सुराची निकडही उरत नाही.

वंश मात्र खुंटला नाही. १९९०च्या दशकात स्वीडनमधील अँग्लागोर्ड आणि अनेकडोटेन या संचांनी जुनी वाद्ये पुन्हा वाजती केली, आणि लेस्लींचे चिरंजीव जॉन ब्रॅडली यांनी मार्टिन स्मिथ यांच्यासह दुरुस्तीचा आणि पुढे नव्या निर्मितीचाही व्यवसाय उभारला. आज हेच स्वर संगणकावर मिळतात, आणि तेथे आठ सेकंदांची अट पाळण्याचे कोणतेही तांत्रिक कारण नाही. तरीही अनेक निर्माते ती अट मुद्दाम कायम ठेवतात आणि वादक तिची मागणी करतात. माझ्या मते या संगीताच्या चाहत्यांनी आणि टीकाकारांनीही येथून बोध घ्यावा. प्रोग्रेसिव्ह रॉकवर अतिरेकाचा आरोप गेली पन्नास वर्षे होत आला आहे आणि काही रचनांपुरता तो मला मान्य आहे. परंतु त्याची जी कामगिरी टिकली ती मर्यादेच्या जाणिवेतून घडली, आणि ती जाणीव त्याला या पेटीने दिली.