दख्खनच्या वेलीवर इटालियन द्राक्ष

सांजोवेसे हे इटलीच्या तस्कनी प्रांताचे काळे द्राक्ष. कियांती वाइनचा कणा तेच, आणि ब्रुनेल्लो दि मोन्तालचीनो ही भारदस्त रेड वाइन तर निव्वळ त्याचीच. अशा वाइनचा रंग आणि बराचसा तुरटपणा सालीतून येतो. साखर भराभर चढली आणि साल कच्ची राहिली, तर वाइन जहाल होते, भरीव होत नाही. सांजोवेसे मुळातच उशिरा पिकणारे. तस्कनीत हिवाळा वेलीला सक्तीची विश्रांती देतो. दख्खनमध्ये वेल झोपतच नाही.

ही गोष्ट परक्यांच्याही लवकर लक्षात आली होती. चौदाव्या शतकात दौलताबादेत आलेल्या इब्न बतूताने इथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद केली आहे. प्रवाशाला त्याचे नवल वाटले. बागायतदाराला मात्र त्यात अडचणच दिसते. पावसाळ्यातला बहार डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या तावडीत सापडतो. म्हणून महाराष्ट्रात छाटणी दोनदा आणि पीक एकदाच. एप्रिलची खरड छाटणी फक्त काडी तयार करण्यासाठी. त्या काडीच्या डोळ्यांत घड धरतो आणि पाऊस ओसरताना होणाऱ्या फळछाटणीनंतर तो बाहेर पडतो. पुढे थंडीच्या रात्री आंबटपणा टिकवून ठेवतात आणि उन्हाळा तापण्याआधी तोडणी होते. तस्कनीत हीच तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरची, म्हणजे इथे फळछाटणीची कात्री चालते त्याच सुमाराची.

आधुनिक वाइन उद्योग महाराष्ट्रात 1980 च्या दशकात नारायणगावला इंडेज कंपनीने रुजवला, तोही फेसाळ वाइनपासून. नाशिकच्या सुलाची पहिली वाइन 2000 साली आली आणि 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. तोवर मुख्य ओढा फ्रेंच वाणांकडे होता. इटलीचा सूर लागला तो सोलापूर जिल्ह्यात, अकलूजला. तिथल्या मोहिते-पाटील बंधूंनी दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची बंधू यांच्यासह फ्रातेल्ली वाइन्स उभी केली. वाइन घडवायला तस्कनीचे पिएरो मासी आले. ऊसपट्ट्यातले हे धाडसच म्हणायचे. त्यांची ‘सेत्ते’ ही सांजोवेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांची, ओकच्या पिंपात मुरवलेली रेड वाइन.

दौलताबादच्या मुलखात द्राक्ष आजही आहे, पण खाण्याचे. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळासमोरून जाणारा रस्ता जालन्याला पोचतो. जालना तालुक्यातल्या कडवंची गावाने पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या. बाजाराला मोठा, पातळ सालीचा, बिनबियांचा मणी हवा. वाइनला लहान मण्याचे, बियांचे द्राक्ष लागते.

जेवणाचा हिशेब मात्र छत्रपती संभाजीनगरात चांगला जुळतो. सांजोवेसेच्या वाइनचा तुरटपणा मांसातल्या प्रथिनांशी आणि चरबीशी बांधला जातो आणि जिभेवर मऊ पडतो. म्हणूनच फ्लोरेन्समध्ये ती निखाऱ्यावर भाजलेल्या जाड गोमांसाबरोबर आणि जुन्या, कडक चीजबरोबर घेतात. मराठवाड्यात त्या तोडीचा पदार्थ म्हणजे नान-खलिया. 1327 मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेत हलवली, तेव्हा लष्कराच्या भटारखान्यात तो जन्मला, असे सांगतात. दंतकथा बाजूला ठेवली, तरी देगेत तासन्तास शिजलेले मटण, वर तरंगणारी तर्री आणि रस टिपून घेणारा जाड नान ही जोडणी सांजोवेसेला नेमकी मानवते, मात्र तिखट बेताचे असेल तरच. मिरचीची आग अल्कोहोल आणि तुरटपणा यांनी आणखी भडकते; त्यामुळे काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि ही वाइन यांची गाठ घालू नये. त्याच मसाल्यातले सुके मटण, खोबरे सढळ आणि मिरची हात राखून घातलेली असेल, तर चालते. पुरणपोळी आणि तिच्याबरोबरची कटाची आमटी मात्र पूर्ण वर्ज्य: गोडापुढे ही वाइन आंबट आणि कडू लागते.