दहा मिनिटांचा विसावा : एका प्रयोगाची चिकित्सा

काही काळ काम आणि काही काळ विसावा असा नियत क्रम पाळल्याने चित्ताची एकाग्रता टिकते, ही कल्पना आज विद्यार्थिवर्गात रूढ आहे. तिचे श्रेय बहुधा फ्रान्चेस्को चिरिल्लो याला दिले जाते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ लावून २५ मिनिटे अभ्यास व ५ मिनिटे विराम असा परिपाठ ठेवला. परंतु या कल्पनेची याहून पुष्कळच जुनी आणि सविस्तर नोंद अभ्यासिकेतील नसून कारखान्यातील आहे.

अमेरिकेत सायकलींचे वेड शिगेला पोहोचले होते त्या काळी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, सायकलींना लागणाऱ्या पोलादी गोळ्यांच्या एका मोठ्या कारखान्याची फेररचना फ्रेडरिक टेलर याच्याकडे आली. तिचा वृत्तान्त त्याने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथात दिला आहे. तेथे १२० हून अधिक मुली गोळ्या पारखण्याचे काम करीत. डाव्या हाताच्या पाठीवर, जुळविलेल्या दोन बोटांमधील खाचेत गोळ्यांची ओळ ठेवावयाची, ती प्रखर उजेडात फिरवीत न्याहाळावयाची, आणि उजव्या हातातील लोहचुंबकाने सदोष गोळी उचलून वेगळ्या पेटीत टाकावयाची. पोचा, मऊपणा, चरा आणि भट्टीतील तडा असे दोषांचे चार प्रकार असत. यांपैकी पुष्कळसे अनभ्यस्त दृष्टीस दिसतही नसत. अंगमेहनत थोडी, पण अवधान अखंड हवे, असे हे काम होते.

सुमारे दीड तास सलग काम झाले की मुली अस्वस्थ होऊ लागतात, असे निरीक्षणात आढळले. म्हणून दर सव्वा तासाने १० मिनिटांची सुटी ठेवण्यात आली. सकाळी दोन व दुपारी दोन. त्या वेळी जागेवरून उठावे, हिंडावे, बोलावे, असे त्यांना सांगितले जाई. कामाचा दिवस साडेदहा तासांवरून टप्प्याटप्प्याने साडेआठ तासांवर आला. अखेर ३५ मुली पूर्वीच्या १२० जणींचे काम करू लागल्या, अचूकपणा दोनतृतीयांशाने वाढला आणि वेतन ८० ते १०० टक्के अधिक झाले, असे टेलर सांगतो.

हे आकडे विश्रांतीच्या पदरात घालण्यापूर्वी मात्र थांबले पाहिजे. याच सुमारास मुलींची निवडही झाली होती. दृष्टी आणि हात यांची गती ज्यांच्या ठायी नव्हती अशा अनेकींना काढून टाकण्यात आले; त्यांत अत्यंत बुद्धिमान, कष्टाळू आणि विश्वासू मुली होत्या, हे टेलर स्वतःच मान्य करतो. शिवाय नगावार मजुरी आली, दर तासाला प्रत्येकीस तिच्या कामाचा हिशेब कळविला जाऊ लागला, मोजून सदोष गोळ्या मिसळलेले ढीग मधूनमधून परीक्षेसाठी येऊ लागले, आणि बोलता येऊ नये एवढ्या अंतरावर आसने मांडली गेली. इतकी कारणे एकत्र आली असता त्यांतील विसाव्याचा वाटा वेगळा काढणे अशक्य आहे. ब्रिटनमध्ये १९१८ साली औद्योगिक थकव्याच्या संशोधनासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाल्यावर विरामांचा असा सुटा विचार होऊ लागला.

आणखी एक गोष्ट टेलरने काहीशा थट्टेच्या सुरात नोंदविली आहे. तास कमी करण्याचा प्रस्ताव प्रथम मुलींच्या मतास टाकण्यात आला होता. दहा तासांत साडेदहा तासांचे काम करावयाचे, मजुरी तीच, असा तो प्रस्ताव होता. साडेदहा तासच ठीक आहेत, कोणताही बदल नको, असे त्यांनी एकमताने सांगितले. काही महिन्यांनी त्यांना न विचारताच तास कमी करण्यात आले.