चार पिढ्या आणि एक शर्यत

माझदा हे नाव आपल्याकडे ओळखीचे झाले ते ‘स्वराज माझदा’च्या मालमोटारी आणि शाळेच्या बसगाड्यांमुळे. हिरोशिमाच्या याच कंपनीने १९८९ साली दोन आसनांची, छत उघडणारी एक लहानशी स्पोर्ट्‌स कार बाजारात आणली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, युरोपात एमएक्स-५, आणि जपानमध्ये ती आधी युनोस रोडस्टर होती, आता नुसती रोडस्टर आहे. आपल्या रस्त्यांवर ती जवळजवळ दिसत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये तिचा दहा लाखावा नग कारखान्याबाहेर पडला. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तिचा खप हा नाही. शनिवार-रविवारी स्वतःच्या खिशातून पैसे घालून शर्यतीत उतरणाऱ्या हौशी माणसांनी या गाडीच्या चार पिढ्यांची तुलना कशी केली, आणि त्या तुलनेतून काय हाती लागते, हा आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. भोसरीच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापे तपासत नोकरी केली आणि फावल्या वेळात यंत्रांचा इतिहास वाचत गेलो. त्यामुळे असेल, पण कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा शर्यतीच्या नियमपुस्तिकेवर माझा भरवसा अधिक आहे. माहितीपत्रक लिहिणाऱ्याला गाडी खपवायची असते. नियमपुस्तिका लिहिणाऱ्यापुढे भांडणारी माणसे बसलेली असतात, म्हणून त्याला प्रत्येक मिलिमीटरचा हिशेब द्यावा लागतो.

मागची थोडी हकिकत सांगणे आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर एमजीसारख्या हलक्या ब्रिटिश गाड्या अमेरिकेत पोहोचल्या आणि तिथे हौशी शर्यतींचे वेड पसरले. स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था १९४४मध्येच स्थापन झाली होती. १९४८मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन गावाच्या रस्त्यांवर शर्यत झाली. १९५२मध्ये तिथेच प्रेक्षकांतले एक मूल दगावले आणि शर्यती गावच्या रस्त्यांवरून हलल्या. काही काळ त्या हवाई दलाच्या धावपट्ट्यांवर भरल्या, पुढे बंदिस्त ट्रॅकवर स्थिरावल्या. या सगळ्या काळात हौशी माणसाचे वाहन बहुधा ब्रिटिशच असे. ते गळके आणि कुरकुरणारे होते, पण घरच्या गॅरेजमध्ये उघडता येत होते. १९८०मध्ये एमजीबी बंद पडली, पुढच्या वर्षी ट्रायम्फ टीआर-७ गेली, आणि ती जागा रिकामी राहिली.

ती भरण्याची कल्पना एका पत्रकाराची. बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने १९७९मध्ये माझदाच्या केनिची यामामोतो यांना सुचवले की तुम्ही साधी, हलकी, उघडी स्पोर्ट्‌स कार करा. पुढे हॉल स्वतः माझदात दाखल झाले, यामामोतो कंपनीचे अध्यक्ष झाले आणि प्रकल्प तोशिहिको हिराई यांच्याकडे आला. हिराई यांनी डोळ्यांपुढे ठेवलेला शब्द होता ‘जिनबा इत्ताइ’, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव होणे. धावत्या घोड्यावरून बाण सोडणाऱ्या तिरंदाजाशी या शब्दाचे नाते सांगतात. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. अमेरिकेतली मूळ किंमत होती १३,८०० डॉलर.

आता पिढ्या पाहू. कंपनीच्या सांकेतिक अक्षरांवरून त्यांना एनए, एनबी, एनसी आणि एनडी म्हणतात. पहिल्या पिढीचे दिवे बॉनेटमधून वर उघडत. इंजिन १.६ लिटरचे, अमेरिकेत ११६ अश्वशक्तीचे. जपानमधल्या सर्वांत हलक्या गाडीचे वजन ९४० किलो. १९९४च्या मॉडेलपासून अमेरिकेत १.८ लिटरचे १२८ अश्वशक्तीचे इंजिन आले, ब्रेक मोठे झाले, मागचे डिफरन्शियल दणकट झाले. दुसरी पिढी तिथे १९९९चे मॉडेल म्हणून आली. दिवे स्थिर, मागची काच खरी, शक्ती १४०. तिसरी २००५मध्ये आली. तिचे २ लिटरचे इंजिन सुमारे १७० अश्वशक्तीचे, मागचे सस्पेन्शन नव्या रचनेचे आणि अंग थोरले. चौथी २०१५मध्ये विक्रीला आली आणि कंपनीने वाट उलटी धरली. ही गाडी लांबीला ३,९१५ मिलिमीटर, म्हणजे पहिल्या पिढीपेक्षाही आखूड. जपानमधली सर्वांत हलकी १.५ लिटरची गाडी ९९० किलोची. पंचवीस वर्षांत सुरक्षेच्या नियमांनी घातलेले ओझे पाहता वाढ फक्त पन्नास किलोंची होती.

कागदावरची ही तुलना वाचली की निकाल उघड वाटतो : नवी ती चांगली. रस्त्यावर वापरणाऱ्यापुरता तो खराही आहे. हौशी शर्यतीत मात्र प्रश्न बदलतात. इंजिन फुटले तर दुसरे कितीला मिळेल? रविवारी दुपारी चेपलेली गाडी पुढच्या शनिवारपर्यंत उभी करता येईल का? शेजारच्या तंबूतल्या माणसाकडे आपल्या गाडीला बसेल असा भाग असेल का? या प्रश्नांपुढे पिढ्यांचा क्रम वेगळा लागतो.

अमेरिकेत याचे उत्तर म्हणून ‘स्पेक मियाटा’ हा शर्यतीचा वर्ग उभा राहिला. १९९०च्या दशकाअखेरीस त्याची सुरुवात स्थानिक पातळीवर झाली आणि २००६मध्ये स्पोर्ट्‌स कार क्लबने त्याला राष्ट्रीय दर्जा दिला. ‘स्पेक’ म्हणजे ठरवून दिलेले. पहिल्या दोन पिढ्यांच्या, १९९० ते २००५ मॉडेलच्या गाड्या त्यात चालतात. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा संच सर्वांना एकच, टायर एकच, आत चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा, इंजिनात जवळजवळ काहीही बदलायचे नाही.

इथे खरा पेच सुरू होतो. ११६ अश्वशक्तीची १९९०ची गाडी आणि १४० अश्वशक्तीची १९९९ची गाडी एकाच शर्यतीत बरोबरीने कशा उभ्या करायच्या? नियम करणाऱ्यांनी काढलेला तोडगा पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी मोसमात घोडे पाहणाऱ्याला लगेच ओळखता येईल. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात आणि स्वार हलका असेल तर खोगिरात शिसे भरतात. स्पेक मियाटात १.६ लिटरच्या गाडीचे किमान वजन सर्वांत कमी ठरवलेले असते आणि नंतरच्या गाड्यांचे जास्त. हे वजन चालकासकट धरतात, कमी भरले तर शेजारच्या आसनाच्या जागी धातूच्या पाट्या बोल्टने आवळतात. शिवाय १९९९नंतरच्या गाड्यांच्या इंजिनात हवा जाण्याच्या वाटेवर ठरलेल्या मापाच्या भोकाची चकती बसवतात, म्हणजे इंजिनाला जास्त श्वास घेता येत नाही. हिराई यांनी स्वार-घोड्याची उपमा मनातल्या एका अनुभवासाठी घेतली होती. क्लबाच्या पंचांनी ती वजनकाट्यावर आणली.

या बरोबरीत जुन्या गाडीचे दुबळे भागही पुढे आले. १.६ लिटरच्या गाडीचे डिफरन्शियल लहान असल्याने शर्यतीच्या माराखाली ते लवकर जाते. अगदी सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड आहे. तिथला बोल्ट सैल पडला तर की-वे झिजतो आणि क्रँक निकामी होतो. हे ज्ञान कारखान्यातून आले नाही. शेकडो माणसांनी आपापल्या गॅरेजमध्ये तेच इंजिन उघडून ते मिळवले आणि एकमेकांना सांगितले. नव्या पिढीच्या गाडीजवळ ती संचित माहिती आरंभी नसते. जुन्या गाडीची ही मिळकत कोणत्याही तक्त्यात छापली जात नाही.

छापील आकडाही नेहमी टिकतो असे नाही. २००१च्या मॉडेलसाठी अमेरिकेत १५५ अश्वशक्ती जाहीर झाली होती. ती प्रत्यक्षात भरेना, तेव्हा कंपनीने आकडा १४२वर आणला आणि नाराज ग्राहकांकडून गाड्या परत घेण्याची तयारी दाखवली.

समानतेचा हा प्रयोग भाबडा होता असे मात्र समजू नये. २०१४मध्ये लगुना सेका येथे झालेल्या राष्ट्रीय अंतिम शर्यतीत स्पेक मियाटातल्या आघाडीच्या अनेक गाड्या तपासणीत बाद ठरल्या. इंजिनाच्या हेडमध्ये, हवा वळते त्या जागी, नियमापलीकडे घासकाम झालेले आढळले. सगळे काही सारखे केले की फरक उरतो तो हाताच्या बोटाला जाणवेल न जाणवेल एवढ्या वळणात, आणि माणसे तिथेही पोहोचतात. ज्याच्याकडे कसलेला इंजिन-कारागीर आहे त्याला स्वस्त वर्गातही पैशाचा फायदा होतो. नियमपुस्तिका जाड होत जाते ती या कारणाने.

जपानची वाट निराळी आहे. तिथे कंपनीनेच २००१च्या अखेरीस दुसऱ्या पिढीत ‘एनआर-ए’ नावाची, शर्यतीला पाया म्हणून वापरता येईल अशी गाडी विकायला काढली. ‘पार्टी रेस’ या स्पर्धांत ही नंबरप्लेटची गाडी घरून चालवत न्यायची, शर्यत करायची आणि तीच घेऊन परत यायचे. पुढच्या पिढ्यांतही एनआर-ए राहिली. म्हणजे जपानमध्ये नवी पिढी जुनीची जागा घेऊ शकते, कारण नवी गाडी शर्यतीला लायक करण्याची जबाबदारी कारखान्याने उचलली. अमेरिकेत ती जुन्या बाजाराने उचलली.

चौथ्या पिढीने तिथे शर्यतीत प्रवेश केला तो वेगळ्या दारातून. कंपनीच्या एमएक्स-५ कपसाठी २०१६ची तयार शर्यतगाडी, सीलबंद इंजिनासह, ५३,००० डॉलरला विकली गेली. ती अधिक वेगवान आहे, अधिक सुरक्षित आहे, आणि तिथून व्यावसायिक शर्यतींकडे जाणारी शिडी आहे. पण ज्याला शिडी नको, फक्त दोन दिवस ट्रॅकवर घालवायचे आहेत, त्या शाळामास्तराचे किंवा गवंड्याचे ते दार नव्हे.

म्हणून पिढ्यांची तुलना करताना मला ‘उत्तम कोणती’ हा प्रश्न अपुरा वाटतो. मी तो असा मांडतो : कोणत्या गाडीने किती माणसांना ट्रॅकवर येऊ दिले? या मोजपट्टीवर पहिल्या दोन पिढ्या मोठ्या ठरतात. त्यात श्रेय अभियंत्यांचे आहेच. त्याबरोबर भरपूर खपलेल्या, स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या गाड्यांचे आहे, आणि वजनाच्या तक्त्यावर वर्षानुवर्षे वाद घालत बसलेल्या बिनपगारी पंचांचेही आहे.

हे फार काळ चालणार नाही, हेही आकडेच सांगतात. स्पेक मियाटात चालणारी शेवटची गाडी २००५ची आहे. दर मोसमात काही गाड्या भिंतीला लागून भंगारात जातात आणि त्यांच्या जागी नवी तयार होत नाही. २०१८मध्ये माझदाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून देण्याची सेवा सुरू केली, काही जुने भाग पुन्हा बनवले. पण जतन केलेली गाडी जपायची वस्तू होते, तिला कोणी भिंतीजवळ नेत नाही. तिसऱ्या पिढीसाठी अमेरिकेत आता स्पेक एमएक्स-५ असा स्वतंत्र वर्ग आहे. हीच पिढी चाहत्यांनी सर्वांत कमी वाखाणली, जाड आणि जड म्हणून हिणवली. त्याच कारणाने ती आज जुन्या बाजारात परवडते. पुढचा हौशी माणूस बहुधा तिच्यातच बसेल, आणि तिची इंजिने उघडून पाहण्याचे काम गॅरेजांतून सुरू झालेले आहे.