‘मम्प्सिमस’ म्हणजे काय? चूक कळूनही न सोडणाऱ्यांसाठीचा शब्द

फ्लेक्सवर, लग्नपत्रिकेत, वाढदिवसाच्या पोस्टमध्ये ‘आर्शिवाद’ हा शब्द तुम्ही पाहिलाच असेल. बरोबर शब्द आहे ‘आशीर्वाद’. रफार ‘वा’वर हवा, तो चुकून ‘शि’वर जातो. अशी चूक कुणाचीही होते. पण ती दाखवून दिल्यावरही ‘आम्ही असंच लिहितो’ असं उत्तर आलं तर? त्यासाठी इंग्रजीत एक शब्द आहे: मम्प्सिमस.

अर्थ काय?
चुकीचं आहे हे कळूनही जी गोष्ट सोडली जात नाही, ती मम्प्सिमस. तसं वागणाऱ्या माणसालाही हाच शब्द वापरतात.

शब्द आला कुठून?
डच विद्वान इरॅस्मस यांनी 1516 मधल्या एका पत्रात एक किस्सा सांगितला. एक अल्पशिक्षित पाद्री लॅटिन प्रार्थनेत ‘सम्प्सिमस’ऐवजी ‘मम्प्सिमस’ म्हणायचा. सम्प्सिमस म्हणजे ‘आम्ही ग्रहण केले’. मम्प्सिमसला लॅटिनमध्ये काहीच अर्थ नाही. चूक दाखवल्यावर तो म्हणाला, तुमच्या नव्या शब्दासाठी मी माझा जुना सोडणार नाही!

1545 मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने संसदेतल्या भाषणात हे दोन्ही शब्द वापरले. काही जण जुन्या मम्प्सिमसला चिकटून बसलेत, तर काही जण नव्या सम्प्सिमसच्या नादी लागलेत, अशी त्याची तक्रार होती. म्हणजे टोमणा दोन्ही बाजूंना होता.

मराठीत काय म्हणायचं?
सगळ्यात जवळचा शब्द ‘दुराग्रह’, म्हणजे चुकीच्या गोष्टीचा आग्रह. बोलीत हेकेखोरपणा.

या स्वभावाची नोंद आपल्याकडेही जुनी आहे. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं दोन वेगळ्या समासांत सांगितली. पहिल्या समासात साधा मूर्ख, तर दहाव्यात ‘पढतमूर्ख’, म्हणजे शिकूनसवरूनही मूर्खासारखा वागणारा. ही लक्षणं सांगितली ती दुसऱ्याला चिडवायला नाही, स्वतःतून काढून टाकायला.

फरक लक्षात ठेवा
माहीत नसणं हे अज्ञान. कळल्यावरही न बदलणं हा मम्प्सिमस. खोटा फॉरवर्ड चुकून पाठवला, तर ती चूक. खोटा आहे हे कळल्यावरही तो ग्रुपवर तसाच राहू दिला, तर मात्र त्या पाद्र्यात आणि आपल्यात फरक उरत नाही.