परतीचं तिकीट

मराठीत ‘आया’ म्हणजे आईचं अनेकवचन, आणि पगार घेऊन दुसऱ्याचं मूल सांभाळणारी बाईसुद्धा आयाच. दोन्ही शब्दांची कुळं वेगळी. दुसरा पोर्तुगीज भाषेतून आला आणि पुढे इंग्रजांच्या बंगल्यांत रुळला. योगायोगच, पण त्या नात्यातला घोळ त्यात नेमका सापडतो. कामाला ठेवायचं नोकर म्हणून आणि अपेक्षा ठेवायची आईच्या मायेची.

जोशुआ रेनॉल्ड्स यांनी १७६५च्या सुमारास काढलेलं जॉर्ज क्लाइव्ह कुटुंबाचं चित्र बर्लिनच्या संग्रहालयात आहे. नवरा, बायको, भारतीय पोशाखातली छोटी मुलगी आणि तिला आधार देत गुडघ्यावर बसलेली आया. कुटुंबाचं नाव शीर्षकात आहे. ती नुसती ‘भारतीय दासी’. पुढे बोटींच्या प्रवासी याद्यांतही तेच. ‘अमुक मेमसाहेब, मूल आणि आया’ एवढीच नोंद.

१८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबई-लंडन प्रवास काही आठवड्यांवर आला आणि साहेबांची कुटुंबं सहज ये-जा करू लागली. बोट लागून मेमसाहेब केबिनमध्ये पडून असायच्या. पोरांचं खाणं-पिणं, धुणं, रात्रीची रडारड, सगळं आयेकडे. समुद्र न बाधणाऱ्या आयेला मोठी मागणी असे. श्रीमती अँथनी परेरा नावाच्या आयेनं म्हणे असा प्रवास चोपन्न वेळा केला. (नोंदीत नाव उरलं, तेही नवऱ्याचं.)

खरा प्रश्न लंडनला उतरल्यावर सुरू होई. मुलं घरी पोचली की तिची गरज संपली. मालकानं तिला परत पाठवलंच पाहिजे, असं कायद्याचं बंधन नव्हतं. जे काही ठरे ते तोंडी, निघण्यापूर्वी, आणि अर्थातच मालकाच्या भाषेत. १९०८ साली मुंबईहून आलेल्या एका आयेला तिच्या मालकांनी लंडनमध्ये दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवलं. ते तिला स्कॉटलंडला घेऊन गेले, आणि परत आल्यावर किंग्ज क्रॉस स्टेशनवर हातात एक पौंड देऊन मोकळे झाले.

अशा बायकांसाठी लंडनमध्ये ‘आयाज् होम’ होतं. १९००मध्ये लंडन सिटी मिशननं ते चालवायला घेतलं आणि हॅकनी भागातल्या किंग एडवर्ड्स रोडवर, २६ क्रमांकाच्या घरात नेलं. छप्पर मिळे, आपल्या चवीचं जेवण मिळे, सोबत ख्रिस्ताचा उपदेशही ऐकावा लागे. मला मात्र त्या घराचा व्यवहार जास्त महत्त्वाचा वाटतो. आयेला आणणाऱ्या कुटुंबानं परतीचं तिकीट दिलेलं असलं, तर ते होमकडे जमा होई. भारतात निघालेल्या, आया हव्या असलेल्या दुसऱ्या कुटुंबाला ते विकलं जाई. त्या पैशावर आयेचा तिथला मुक्काम निघे, आणि परतीच्या वाटेवर तिला कामही मिळे. हातात तिकीट असलेल्या आयेचं पाहुणी म्हणून निभावून जाई. तिकीट नसलेली निराधार ठरे.

इंग्रज कुटुंबांच्या आठवणींत आयेविषयी जिव्हाळ्यानं भरपूर लिहिलेलं सापडतं. अंगाईगीतं, गोष्टी, तिच्या साडीचा वास. तो जिव्हाळा खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण त्या आठवणींत तिचा पगार किती होता आणि ती घरी कशी पोचली, हे क्वचितच येतं. फरहाना मामूजी यांच्या पाठपुराव्यानंतर जून २०२२मध्ये त्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली.

किंग्ज क्रॉसच्या त्या प्रसंगानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २००८ साली, महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. घरकामाच्या अटी स्पष्ट, शक्यतो लेखी असाव्यात असं सांगणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०११चा १८९ क्रमांकाचा करार भारतानं अजून मंजूर केलेला नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या बहुतेक घरांत आजही सगळं तोंडीच. आपण तिला ‘मावशी’ म्हणतो, चहा देतो, दिवाळीला साडी देतो. पण आपण महिनाभर गावाला गेलो तर तिचा पगार चालू राहणार का? आठवड्याची सुट्टी नक्की कोणत्या दिवशी? आपल्याला यायला उशीर झाला तर त्या तासांचं काय? आणि मूल शाळेत जायला लागलं की तिला किती दिवस आधी सांगणार? हे बोलणं पहिल्या दिवशी निघतच नाही, कारण मावशीशी पैशाचं कसं बोलायचं. ती तर बोलायला आणखीच संकोचते. तेव्हा विषय काढायचा तो आपणच, आणि तिला कळेल अशा भाषेत कागदावर उतरवून एक प्रत तिच्या हातात द्यायची.