एक खोली, एक दार, एक नाव

"वन बीएचके, स्वतंत्र प्रवेशद्वार, झपाट्याने बदलणारा परिसर." फ्लॅट शोधलेल्या प्रत्येकाने ही जाहिरात वाचलेली असते. वन बीएचके म्हणजे खिशाला झेपेल तेवढं, आणि बदलणारा परिसर म्हणजे आज इथे गॅरेज आहे, उद्या कॅफे येईल :) मधल्या दोन शब्दांकडे मात्र कुणी बघत नाही. स्वतंत्र प्रवेशद्वार. घराला स्वतःचं दार असणारच, त्यात सांगण्यासारखं काय?

पण स्वतःचं दार ही गोष्ट मुंबईतल्या कष्टकऱ्यांना मिळायला शंभर वर्षं लागली. हा इतिहास मी वाचायला घेतला, कारण त्यातलं एक दार आमच्या घरातही आहे आणि सध्या त्यावरून बरीच चर्चा चालू आहे.

मी मूळचा डिंगोऱ्याचा. जुन्नर तालुक्यात, ओतूरकडून माळशेज घाटाकडे जाताना लागतं ते. घाट उतरला की मुरबाड, मग कल्याण आणि तिथून रेल्वेने मुंबई. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल नाणेघाटातून खाली उतरायचा, गेल्या शतकात आमच्याकडची माणसं उतरली. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू केली, आणि पुढच्या काही दशकांत लालबाग-परळ-वरळी हा पट्टा 'गिरणगाव' झाला. जुन्नर-आंबेगावच्या कोरडवाहू शेतीत भागत नव्हतं, त्यामुळे घरटी एक तरी माणूस मुंबईला, हे गणित ठरून गेलं. कुणी गिरणीत, कुणी माथाडी, कुणी डबेवाला.

राहायचं कुठे? १९२०च्या दशकातल्या सरकारी पाहणीत मुंबईतल्या कामगार कुटुंबांपैकी सुमारे ९७ टक्के एकाच खोलीत राहत असल्याचं आढळलं होतं. त्याच सुमारास सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला चाळी बांधल्या, त्याच बीडीडी चाळी. खोली १६० चौरस फुटांची. मधोमध लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या आणि टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. खोलीला दार होतं, पण दिवसभर ते उघडंच. आत हवा यायची तर तिथूनच, पोरं बाहेर जायची तीही तिथूनच.

एकट्या पुरुषांची गोष्ट तर वेगळीच. आमचे आजोबा १९५८ साली लालबागला आले, तेव्हा एका खासगी चाळीतल्या खोलीत गावचे आठ जण राहत होते. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. दिवसपाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाले त्याच जागेवर झोपायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर एका लॉगिनवर आठ युजर! जेवण खानावळीत. गिरणगावात घरोघरी बायका अशा खानावळी चालवायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. १९३०च्या दशकात दादर-माटुंग्याकडे मध्यमवर्गासाठी नव्या पद्धतीच्या इमारती उभ्या राहिल्या. जुन्या पिढीचा 'ब्लॉक' हा शब्द आठवतो? "त्यांनी दादरला ब्लॉक घेतलाय." ब्लॉक म्हणजे ज्याच्या आत स्वयंपाकघर, मोरी, संडास सगळं आहे आणि दार लावून घेतलं की शेजाऱ्याशी संबंध संपला अशी जागा. स्वतंत्र प्रवेशद्वाराचा जन्म साधारण इथला.

पण त्याला एक काळी बाजू आहे. संडास घरात आला, मग तो साफ करणारा माणूस कुठून येणार? अनेक इमारतींना मागच्या बाजूने लोखंडी गोल जिना बसवला गेला आणि मोरीकडे उघडणारं वेगळं दार ठेवलं गेलं. म्हणजे घराला दोन दारं, एक आपलं आणि एक 'त्यांचं'. जुन्या भागात इमारतींच्या मागे गंजलेले जिने दिसतात, त्यातले बरेच याच कामाचे. आज नव्या टॉवरमध्ये नोकरांसाठी वेगळी लिफ्ट असते, तेव्हा मला तो जिना आठवतो. स्वतःचं दार मिळवताना आपण दुसऱ्याचं दार कुठे ठेवलं, हेही बघायला हवं ना?

असो. दार सुताराने केलं तरी ते कुणाचं हे ठरवतो कायदा. १९४७ साली मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा आला. भाडी गोठली आणि भाडेकरूला सहज काढता येईना. गरिबांना फार मोठा आधार झाला तो. पण भाडेकरू म्हणजे कोण? ज्याचं नाव भाडेपावतीवर आहे तो. पोटभाडेकरू ठेवायला बंदी होती. भाडेकरू वारला तर हक्क जाणार त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. त्यामुळे आठ जणांच्या खोलीत पावतीवर एकच नाव. बाकीचे सात कागदोपत्री पाहुणे, मग ते तिथे वीस वर्षं का राहिलेले असेनात.

१९६३च्या मालकी फ्लॅट कायद्यात एक गमतीदार तरतूद आहे. फ्लॅट म्हणजे स्वतंत्र आणि स्वयंपूर्ण जागा, अशी व्याख्या करून पुढे म्हटलंय की संडास-बाथरूम दोघा-तिघांत सामायिक असलं तरी ती जागा स्वयंपूर्णच समजावी! १९७०च्या अपार्टमेंट कायद्याने, म्हणजे आपल्याकडच्या कॉन्डोमिनियमच्या कायद्याने, तर व्याख्येतच दार आणलं. जागेतून थेट रस्त्यावर किंवा रस्त्याकडे नेणाऱ्या सामायिक जागेत बाहेर पडता आलं पाहिजे. म्हणजे संडास वाटून घेतला तर चालेल, दार मात्र हवंच.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले असंख्य परत आत गेलेच नाहीत. आमच्या खोलीतले पाच जण गावी परतले, त्यात आजोबाही होते. खोलीत राहिली आत्या आणि तिचं कुटुंब. पावतीवर नाव आजोबांचं. १९९१च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकासाला मोकळ्या झाल्या आणि २००१च्या बदलाने त्यातला सार्वजनिक वाटा आणखी घटला. चिमण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. लोअर परळला बिल्डर 'अप्पर वरळी' म्हणू लागले. गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत निघायला २०१२ उजाडलं, आणि घर २२५ चौरस फुटांचं. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये.

आता आमच्या चाळीचाही पुनर्विकास निघालाय. खोलीच्या बदल्यात वन बीएचके, स्वतंत्र दार, आत संडास. आत्या चाळीस वर्षं रांगेत उभी राहिलीय, तिला ते दार मिळायलाच हवं, यात वाद नाही. वाद आहे तो पुढचा. आत्याला मुलगा-सून उपनगरात बोलावताहेत. ती गेली तर फ्लॅट विकायचा, असं चुलत्यांचं म्हणणं. किंमत ऐकून माझेही डोळे पांढरे झाले! पण गावात त्या सातांपैकी दोघं अजून आहेत. भाड्यात आणि सुरुवातीच्या पागडीत त्यांचाही वाटा होता. त्याची पावती नाही, फक्त आजीने सांगितलेली नावं आहेत. कायद्याने त्यांना एक इंचही मिळणार नाही.

कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. एक खोली, एक नाव हा नियम नसता तर घरमालकांनी सगळ्यांनाच केव्हा बाहेर काढलं असतं. पण नियमाने ज्याला मालक केलं त्याने बाकीच्यांना विसरावं, असं कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही.

मी घरात एक प्रस्ताव ठेवलाय. आत्या आहे तोवर जागा तिची. नंतर विकायची असेल तर आधी त्या सात घरांचा वाटा काढायचा. विकायची नसेल तर डिंगोऱ्याहून मुंबईला शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या पोरांना ती राहायला द्यायची. चुलते म्हणाले, "तू पगारदार आहेस, तुला बोलायला काय जातंय?" खरंय त्यांचं. म्हणून माझ्या वाटणीला जे येईल त्यापासून सुरुवात करायचं ठरवलंय, आणि ती आठ नावं घरच्या कागदांत लिहून ठेवलीत. बाकीच्यांचं मन वळायला अजून वेळ लागेल.